कोरडवाहू जमिनीचे वाळवंटीकरण

वाळवंटीकरण म्हणजे वाळूचे ढिगारे सरकत येणे नव्हे. कोरड्या प्रदेशातली कसदार जमीन जागच्या जागी नापीक होत जाणे. पर्जन्यछायेतल्या माणदेशात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा मोजक्या वळवाच्या आणि परतीच्या सरींत. उघड्या रानावर थेंब आदळला की ढेकूळ फुटते, बारीक कणांनी छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहते आणि वरची माती नेते. काही वर्षांत फाळाला मुरूम लागतो. इंचभर माती पुन्हा घडायला शेकडो वर्षे जातात. म्हणून हे नुकसान दुष्काळापेक्षाही जिव्हारी लागणारे. अतिचराई आणि वृक्षतोडीने त्याचा वेग वाढतो. हिवरे बाजार गावाने डोंगरउतारावर समतल चर खोदून, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून ही धूप रोखली.