एक ऑगस्टच्या दोन तसबिरी

महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत एक ऑगस्टला टेबलावर दोन तसबिरी मांडतात. एक पगडी घातलेल्या लोकमान्यांची, दुसरी अण्णा भाऊ साठ्यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती, आणि साल दोन्हींचं एकच : १९२०. मुलं शेंगांच्या टरफलांची गोष्ट घडाघडा म्हणतात, मग ‘फकिरा’चं नाव घेतात आणि खाली बसतात. तिकडे तहसील कचेरीत महसूल दिन चालू असतो, कारण सरकारचं महसुली वर्षही याच तारखेला सुरू होतं.

खरं तर तासाभराचा फरक पडला असता तर टिळकांची पुण्यतिथी ३१ जुलैला आली असती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर, पाऊण वाजण्याच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. सकाळी धो धो पाऊस, आणि त्या पावसात लोटलेली अफाट गर्दी. चौपाटीची वाळू म्हणजे काही स्मशान नव्हे. तिथे दहन करायला सरकारची खास परवानगी काढावी लागली. देह आडवा ठेवला नव्हता, बसवला होता. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते.

त्याच दिवशी असहकार सुरू झाला. आपल्याकडे हे दोन प्रसंग एका दमात सांगायची खोड आहे : टिळक गेले आणि गांधीयुग उगवलं! ऐकायला छान वाटतं, पण त्यात तथ्य कमी. एक ऑगस्ट हा मुहूर्त खिलाफतीच्या प्रश्नावरून आधीच ठरून जाहीर झाला होता. उपास, प्रार्थना, हरताळ असा दिवसाचा कार्यक्रमही आखलेला होता. त्या तारखेच्या पत्रासोबत गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्डना तीन पदकं परत केली : कैसर-ए-हिंद, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर व झुलू युद्धांतल्या शुश्रूषेबद्दलची दोन. काँग्रेसची मोहोर उमटायला सप्टेंबरचं कलकत्त्याचं खास अधिवेशन उजाडलं, आणि नागपूरला डिसेंबरात ती पक्की झाली. टिळक असते तर कलकत्त्यात काय म्हणाले असते, यावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्यांच्या नावानं पुढच्याच वर्षी एक कोटीचा स्वराज्य फंड उभारला गेला, हे मात्र घडलेलं.

आणि त्याच दिवशी, मुंबईपासून दूर वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात एक मूल जन्मलं. पुढे ‘फकिरा’ कादंबरीचा नायक झालेल्या फकिरानं इंग्रजांच्या खजिन्यातून लुटलेले रुपये बाळंतिणीच्या हाती दिले, अशी या जन्माची कथा सांगतात. महसूल दिनाच्या भाषणात ती कुणी सांगत नाही, हे ओघानंच आलं. पण सारा वसुलीशी भांडण टिळकांचंही होतं. १८९६ च्या दुष्काळात सूट हा रयतेचा कायदेशीर हक्क आहे, हे ‘केसरी’ फॅमिन कोडचा आधार देऊन सांगत होता.

तरीही या दोघांना जोडणारा धागा तारखेत शोधू नये. तो गिरणगावात आहे. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. वर्षाला एक दिवस, असा हिशेब. लष्कर बोलावलं गेलं, गोळीबारात माणसं मेली. त्या संपाची दखल परदेशात बसलेल्या लेनिननं त्याच वर्षी एका लेखात घेतली. हिंदुस्थानातला कामगार आता जाणता होऊन राजकीय लढ्यात उतरला, असा त्याचा निष्कर्ष.

पुढे बापाबरोबर वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला साठ्यांचा पोरगा याच गिरण्यांत राबला, लाल बावट्याखाली आला, आणि अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत कलापथक काढून कामगार वस्त्यांतून डफावर थाप मारू लागला. १९६१ मध्ये अण्णा भाऊ लेनिनच्या देशात जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिलं. स्टालिनग्राडचा पोवाडा मात्र त्यांनी तो देश बघण्याच्या कितीतरी आधी, महायुद्ध चालू असतानाच रचला होता.