ई-पुस्तकातील ‘न सापडणारी’ फाईल

बीदर-कलबुर्गी सीमाभागातील करजगीसारख्या गावी मराठी पुस्तकांचे दुकान हाकेच्या अंतरावर नसते. तेथील विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर आलेले ई-पुस्तक मोठाच आधार ठरू शकते. शिक्षकांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या अशा पुस्तकात ऐन वेळी चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसली, अथवा ‘सिजिल’सारख्या संपादन-प्रणालीने फाईल सापडत नसल्याचे कळविले, तर सारे काम वाया गेले असे समजण्याचे कारण नाही. बहुधा फाईल जागेवरच असते. चुकलेले असते ते तिचे नाव.

‘इपब’ नमुन्याचे ई-पुस्तक म्हणजे एक गाठोडे होय. त्यात प्रकरणे, चित्रे व टंक यांच्या स्वतंत्र फाईली असतात आणि त्या सर्वांची एक यादी असते. शाळेतील जडवस्तुसंग्रह नोंदवहीप्रमाणे येथेही नोंद व वस्तू यांचा मेळ बसावा लागतो. ‘इपबचेक’ ही विनामूल्य तपासणी-प्रणाली हा घोळ क्रमांकाने दाखविते. ‘आरएससी-००१’ म्हणजे नोंद आहे, परंतु फाईल नाही. ‘००७’ म्हणजे प्रकरणात उल्लेखिलेली वस्तू गाठोड्यात नाही. ‘००८’ म्हणजे उल्लेखिलेल्या वस्तूची यादीत नोंदच नाही.

नावातील चुका डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर विंडोज संगणक सामान्यतः एकच मानतो, इपबमध्ये मात्र ती दोन नावे ठरतात. म्हणूनच संगणकावर दिसलेले चित्र भ्रमणध्वनीवर नाहीसे होते. देवनागरी नावांत तर अधिकच जपावे लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकलिखित होतो. कागदावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र निराळे! यास्तव मजकूर खुशाल मराठीत असावा. फाईलींची नावे लहान रोमन अक्षरे व अंक यांतच, मध्ये जागा न सोडता द्यावीत. चित्राचा पत्ता स्वतःच्या संगणकातील कप्प्याचा दिला गेला असल्यास तोही बदलावा.

दुरुस्तीपूर्वी मूळ प्रत निराळी ठेवावी. नाव बदलणे ते सिजिलमध्येच बदलावे, म्हणजे त्या फाईलीचे सर्व उल्लेख आपोआप सुधारतात. गाठोडे हाताने सोडून पुन्हा बांधणाऱ्यांनी ‘माइमटाइप’ ही छोटी फाईल सर्वांत प्रथम व न दाबता ठेवावी. नंतर पुनश्च तपासणी करून पुस्तक एखाद्या साध्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे आणि मगच ते विद्यार्थ्यांकडे पाठवावे.