सोडतीचा मोह आणि कायद्याचे कुंपण
कागदी तिकीट घेणाऱ्यास निकालापर्यंत भानावर येण्यास अवधी तरी मिळतो. ऑनलाइन सोडतीत ती उसंतच उरत नाही. म्हणूनच १९९८ च्या लॉटरी कायद्याखालील २०१० च्या नियमांनी प्रत्येक राज्यास, सर्व योजना मिळून, दिवसाला २४ सोडतींची मर्यादा घातली. म्हणजे मर्यादेतही तासागणिक एक मोह! कर्नाटकाने तर २००७ साली सर्वच लॉटऱ्या बंद केल्या. परंतु आम्हां बेळगावकरांस महाराष्ट्राची हद्द जवळच आहे, आणि तेथे सरकारी लॉटरी १९६९ मध्येच सुरू झालेली आहे. कायद्याचे कुंपण हद्दीपाशी संपते. म्हणून कुटुंबप्रमुखांस आमची कळकळीची विनंती: आठवड्याची मजुरी प्रथम घरच्या माउलीच्या हाती ठेवा, घराचे खरे कुंपण तेच होय.