शाळा सुटली, पुढे सोबत कोणाची?

लहान मुलांच्या स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल, आता थोडेफार बोलले जाते. २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन साजरा होतो. पण तेच मूल पंचविशीचे, चाळिशीचे झाले की चर्चा थांबते. स्वमग्नता हा बरा होणारा आजार नाही. मेंदूच्या जडणघडणीतला तो जन्मजात वेगळेपणा आहे आणि तो आयुष्यभर राहतो. शाळा मात्र अठराव्या वर्षाच्या आसपास सुटते. मग घर, मोबाईल आणि आई, एवढेच जग उरते.

‘त्याला एकटंच आवडतं,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण गर्दी नको असणे वेगळे आणि माणूस नको असणे वेगळे. डीजेचा आवाज, एकाच वेळी चौघांचे बोलणे सोसत नाही, म्हणून तो बाजूला होतो. मैत्री त्यालाही हवी असते. ती न मिळाल्यास उदासी आणि चिंता वाढत जाते. कित्येक स्त्रिया तर निदानाविनाच ‘घुमी’ हा शिक्का घेऊन जगतात.

गैरसमज दोन्हीकडून

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कानगोष्टींसारखा खेळ घेतला गेला. आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगायची होती. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीने ती इतरांइतकीच नीट पोहोचवली; मिश्र साखळीत मात्र तपशील जास्त गळाले. म्हणजे आपल्यासारख्यांची सोबत मिळाली की संवाद सुलभ होतो. आधारगटाचे बळ यातच आहे.

मुंबईत पालकांनी ‘फोरम फॉर ऑटिझम’ उभारला. जुहूमध्ये यश चॅरिटेबल ट्रस्टने सुरू केलेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग प्रौढ काम करू लागले. काम मिळाले, तसे सहकारीही मिळाले.

पण कामणहून जुहू गाठायचे कसे? कामण रोडला वसई-दिवा मार्गाच्या मोजक्याच गाड्या, पुढे वसई रोडला विरार लोकलची गर्दी. ज्याला गोंगाटच सोसत नाही, त्याच्यासाठी ही शिक्षाच. म्हणून गट इथेच हवा.

विहारात काय करता येईल?

- वंदनेची वेळ सोडून, दर रविवारी ठरलेली वेळ आणि तीच जागा ठेवावी. काय होणार, हे आधीच कळवावे.
- पाच-सहा जण पुरेत. माईक नको. शांत बसायला एक कोपरा असावा.
- कॅरम, चित्रे, जुनी नाणी, रेल्वेचे वेळापत्रक, ज्याला जे आवडते ते करू द्यावे. बोलण्याची सक्ती नको. लिहून किंवा मोबाईलवर टाइप करून सांगितले तरी ते बोलणेच.
- काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्या. पालकांनी वेगळे बसावे. मन मोकळे करण्याची गरज त्यांनाही असते.
- पहिले दोन महिने दोघेच आले, तरी गट बंद करू नये.

हक्कांची माहिती

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. युडीआयडी कार्ड काढता येते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. ज्यांना कायदेशीर पालकाची गरज आहे, त्यांच्यासाठी अठराव्या वर्षानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ ही चिंता असलेल्या आईबापांना ही माहिती एकमेकांकडूनच लवकर मिळते. मन फार खचले असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

वाळीत टाकले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. मग आपल्याच वस्तीत कोणी नकळत वाळीत पडू नये, ही जबाबदारीही आपलीच. येत्या रविवारी शेजारच्या अबोल दादाला, ताईला विचारा, ‘येणार का?’ नाही म्हटले तर आग्रह धरू नका. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.