परभणीच्या अक्षांशावरून उपग्रहगतीचा विचार

ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने सोडलेला स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह होय. त्याचे वजन ८३.६ किलोग्रॅम होते. भूपृष्ठापासून त्याची लघुतम उंची सुमारे २१५ व महत्तम उंची सुमारे ९३९ किलोमीटर होती. इतक्या उंचीवर गुरुत्वाकर्षण उरत नाही, म्हणून उपग्रह पडत नाही, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष ६,९४८ किलोमीटर येतो. त्या अंतरावरील गुरुत्वत्वरण भूपृष्ठावरील मूल्याच्या ८४ टक्के असते. म्हणजे उपग्रह पडतच असतो. स्थिरावस्थेतून सोडलेली वस्तू तेथे पहिल्या सेकंदात ४.१ मीटर खाली येईल. परंतु उपग्रह त्याच सेकंदात ७.५७ किलोमीटर पुढे जातो, आणि तितक्या अंतरात त्या त्रिज्येचे वर्तुळही स्पर्शरेषेपासून ४.१ मीटरच वळते. पडणे व वळणे यांचा हा मेळ म्हणजेच कक्षा. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने, केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार, वेग जवळच्या बिंदूशी ७.९८ तर दूरच्या बिंदूशी ७.१९ किलोमीटर होतो. आवर्तकाल मात्र केवळ अर्धदीर्घाक्षावर अवलंबून असतो. तो सुमारे ९६ मिनिटे होता.

कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ६५ अंश असल्यामुळे १९ अंश १६ कला उत्तर अक्षांशावरील परभणी उपग्रहमार्गाच्या पट्ट्यात येते. एका प्रदक्षिणेत पृथ्वी सुमारे २४ अंश फिरते. म्हणून परभणीवरून गेलेला उपग्रह पुढील खेपेस त्याच अक्षांशावर सुमारे २,५०० किलोमीटर पश्चिमेस, अरबस्तानच्या वाळवंटावरून जाईल.

विरळ हवेचा विरोध उपग्रहाची ऊर्जा हरण करतो. त्यामुळे कक्षा आकुंचन पावते आणि, विरोधाभास वाटला तरी, सरासरी वेग वाढतो. स्पुटनिक ४ जानेवारी १९५८ रोजी वातावरणात जळून गेला. उलट मार्च १९५८ मध्ये सोडलेला, दीड किलोग्रॅमहूनही हलका अमेरिकन व्हॅन्गार्ड अद्याप फिरत आहे, कारण त्याची लघुतम उंची सुमारे ६५० किलोमीटर होती.

हाच नियम अधिक उंचीवर लावला की ३५,७८६ किलोमीटरवर आवर्तकाल पृथ्वीच्या परिवलनाइतका होतो. १९८३ साली सोडलेला इन्सॅट-१ बी विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशी असा स्थिर भासे. परभणीहून तो दक्षिणेस, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर येत असे. पावसावर विसंबणाऱ्या मराठवाड्यास मोसमी ढगांची चित्रे अशाच उपग्रहांनी दिली. तोही पडतच होता; मात्र पृथ्वीच्या परिवलनाशी ताल राखून.