‘छान’च्या पलीकडची दाद

बंगळूरच्या हौशी छायाचित्रकारांना रविवारी कुठे जावे, हा प्रश्न पडत नाही. शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर आनेकल आहे. तिथून ५ किलोमीटर पुढे गेले की मुत्यालमडुवूची दरी आणि पावसाळ्यात भरून वाहणारा धबधबा. १९७४ साली घोषित झालेले बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान याच भागात. शेजारी २००६ मध्ये सुरू झालेले फुलपाखरू उद्यान.

खरा प्रश्न पडतो तो संध्याकाळी, सगळे आपापली छायाचित्रे एकमेकांपुढे ठेवतात तेव्हा. काय बोलावे? बहुतेकांकडे दोनच उत्तरे असतात. ‘वा, छान!’ किंवा ‘यात काही दम नाही.’ पहिल्याने कुणी शिकत नाही. दुसऱ्याने नवशिका कॅमेरा कपाटात ठेवून देतो आणि पुन्हा काढत नाही.

एकत्र बसून छायाचित्रे पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. बंगळूरमध्ये १९७१ पासून यूथ फोटोग्राफिक सोसायटी आहे. याच शहरातले वन्यजीव छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) यांनी ओ. सी. एडवर्ड्स यांच्याकडून धडे घेतले आणि पुढे स्वतः अनेकांना घडवले. ही कला पुस्तकापेक्षा जाणत्या नजरेकडून अधिक मिळते. म्हणूनच बोलणाऱ्यावर जबाबदारी येते.

आधी विचारा, मग सांगा

धबधब्याचे छायाचित्र समोर आले आहे. पाणी पांढरेफटक झाले आहे, खडक काळाठिक्कर. ‘बिघडले’ म्हणण्याआधी विचारा, ‘तुम्हाला काय दाखवायचे होते?’ उत्तर आले, ‘पाण्याचे रेशमी वळण.’ आता तुमच्या सांगण्याला दिशा मिळाली.

मग दिसते ते सांगा. ‘माझी नजर आधी या पांढऱ्या पट्ट्यावर गेली आणि तिथेच अडकली. वळण दिसले नाही.’ यात कुणावर ठपका नाही, पण दोष नेमका कळतो. त्यानंतर कारण आणि उपाय: ‘दुपारच्या उन्हात पाणी आणि सावलीतला खडक, दोन्ही एका चौकटीत सांभाळणे कॅमेऱ्याला जड जाते. ढगाळ वेळी किंवा ऊन दरीत उतरण्याआधी जा. तिपाई लावून पाव सेकंदाचा वेग ठेवा. उजेड एक स्टॉप कमी घ्या.’ पुढच्या रविवारी त्याला काय करायचे ते ठाऊक असेल.

फुलपाखराचेही तसेच. एक पंख धारदार, दुसरा धूसर. ‘फोकस चुकला’ एवढे सांगून भागत नाही. ‘कॅमेरा पंखांना समांतर धरा, दोन्ही पंख एका पातळीत येतील’, हे सांगितले तर उपयोग.

एका वेळी एकच गोष्ट

हरणाच्या डोक्यातून उगवलेली फांदी, तिरके क्षितिज, पाय कापणारी चौकट, डोळ्यावर नसलेला फोकस. एका छायाचित्रात चारही दोष असू शकतात. चारही एकदम सांगू नका. ज्या दोषाने छायाचित्राचे सर्वांत जास्त नुकसान झाले, तो एक निवडा. चांगले काय साधले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. ‘प्रकाश छान’ नको. ‘मागून आलेल्या प्रकाशाने कानाची कडा उजळली, म्हणून हरीण पार्श्वभूमीपासून वेगळे दिसते’, असे म्हणा.

स्पर्धांमध्ये परीक्षकांपुढे छायाचित्र नावाशिवाय येते. घरच्या बैठकीतही तसे करून पाहा. मेव्हण्याचे छायाचित्र म्हणून गोड बोलणे आणि शेजाऱ्याचे म्हणून कडू बोलणे, दोन्ही आपोआप कमी होतील.

दाद कधी रोखावी?

एक प्रसंग मात्र वेगळा. घरट्यातल्या पिलांचे अगदी जवळून टिपलेले छायाचित्र सुंदर असते. पण त्यासाठी आडोशाच्या फांद्या तोडल्या असतील तर पिले उन्हाला आणि शिकारी पक्ष्यांना उघडी पडतात. बिथरलेले आईबाप घरटे सोडूनही जातात. अशा छायाचित्राची वाहवा झाली की दुसऱ्या रविवारी आणखी चौघे तिथे पोहोचतात. म्हणून आधी विचारावे, ‘हे कसे काढले?’ उत्तर बरे नसेल, तर छायाचित्र कितीही देखणे असले तरी दाद देऊ नये. कारण समजावून सांगावे, आणि तेही चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन.

ज्याचे छायाचित्र आहे त्यानेही एक पथ्य पाळावे. समोरचा बोलत असताना ‘ऊनच तसे होते’, ‘जागाच नव्हती’ असा बचाव करू नये. ऐकावे, टिपून ठेवावे आणि न पटलेले खुशाल सोडून द्यावे.

आज फोनमुळे घरोघरी छायाचित्रकार आहेत. पुढच्या वेळी लेकीने, भाच्याने एखादे छायाचित्र पुढे केले, तर लगेच ‘छान’ म्हणू नका. मिनिटभर ते नीट पाहा, मग बोला. कुणी मनापासून पाहिले, हीच त्यांना मिळालेली पहिली दाद असेल.