मान राहिला, धन आटले

गाण्याबजावण्याच्या धंद्यात 'पगार' हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. दरबारी गवयाला नेमणूक असे, बैठकीच्या गवयाला बिदागी मिळे, गुरूला दक्षिणा दिली जाई. आज संगीतशिक्षकाला, साथीदाराला आणि वृद्ध कलावंताला जे मिळते त्याला मानधन म्हणतात. शब्द मोठा देखणा आहे. संस्कृतात 'मानधन' म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष. कचेरीच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ पार पालटला आहे. जी रक्कम एकदा ठरली म्हणजे पुष्कळ वर्षे हलत नाही, तिला हल्ली मानधन म्हणावयाचे!

महागाईचे रडगाणे सर्वांचेच आहे. त्यात गवयाचे वेगळे ते काय, असे कोणी विचारील. वेगळे आहे ते एवढेच, की कारकुनाच्या पगाराला महागाईची सोबत करणारा भत्ता जोडलेला असतो. मानधनाला तो नसतो. हा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु दहा-पंधरा वर्षांत तो माणसाचा संसार कुठल्या कुठे नेऊन ठेवतो.

जुन्या दरबारांची आठवण आमच्या बडोद्यात नेहमी निघते आणि ती निघाली की डोळे ओले करण्याची चालही आहे. ह्या शहराने मौलाबक्षांची १८८६ मधील गायनशाळा पाहिली, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पाहिली, आणि १९५० मध्ये जे निवर्तले त्या फैयाजखाँसाहेबांचे गाणे ऐकले. कलावंत कारखाना हे तर संस्थानाचे एक खातेच होते. सयाजीराव महाराजांच्या शिस्तीत त्या खात्यालाही हजेरी, रजा आणि दंड यांचे नियम लागू झाले. म्हणजे कलावंत हाही नोकरच होता, आणि नोकरीचा काच त्यालाही होता.

संस्थानी काळात सर्व सुखच होते असे म्हणण्यात अर्थ नाही. नवा राजा गादीवर आला की आधीच्याच्या आवडीचा गवई नावडता होई. १९२२ मध्ये शाहू छत्रपती गेले आणि अल्लादियाखाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. एवढ्या थोर पुरुषाची ही स्थिती, तर लहान कलावंतांची काय कथा?

पण त्या जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होते, आणि ते कोणी मुद्दाम शोधून काढलेले नव्हते. रोख नेमणुकीबरोबर पुष्कळ ठिकाणी शिधा असे, दसऱ्याला वस्त्र असे, राहायला जागा असे. शिधा म्हणजे धान्य. बाजारात तांदूळ कितीही कडाडला, तरी कोठीतून तो ठरल्या मापाने तेवढाच मिळे. रुपयाची किंमत घसरली तरी शेराचे माप घसरत नाही. ज्याच्या वाट्याला नुसती रोख नेमणूक होती, त्याला मात्र दोन्ही महायुद्धांच्या महागाईची झळ थेट लागली असली पाहिजे.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता म्हणजे दुसरे काय? तो आधुनिक काळातला शिधाच होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रूढ झाला. १९४७ मध्ये पहिल्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराला दरमहा ५५ रुपये ठरविले, त्यांतले ३० मूळ पगाराचे आणि २५ भत्त्याचे होते. पुढे हा भत्ता किमतींच्या निर्देशांकाला बांधला गेला. लेबर ब्युरो देशभरच्या कामगार वस्त्यांतील डाळ, तेल, कापड, घरभाडे ह्यांचे भाव गोळा करते. त्यांत आमच्या बडोद्याचेही भाव असतात. १ जानेवारी २०१६ पासून केंद्रातील सर्वांत लहान मूळ पगार १८,००० रुपये झाला. जुलै २०२५ पासून त्यावर ५८ टक्के भत्ता होता, म्हणजे १०,४४० रुपये. त्या नोकराला कोणाच्या दारात जावे लागले नाही, की अर्ज करावा लागला नाही. बाजार हलला, तसा भत्ताही हलला.

आता दुसरी बाजू पाहू. महाविद्यालयांत तासांवर शिकविणाऱ्या पाहुण्या अध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये दर तासाला १,००० रुपये मानधन ठरविले, आणि महिन्याची कमाल मर्यादा २५,००० ठेवली. ही रक्कम जानेवारी २०१९ मध्ये वाढली आणि तासाला १,५०० रुपये झाली. दीडपट वाढ! ऐकणाऱ्याने पेढे मागावेत अशीच ही बातमी. पण निर्देशांक काय सांगतो? जानेवारी २०१० मध्ये तो १७२ होता, जानेवारी २०१९ मध्ये ३०७. म्हणजे २०१० च्या हजाराला जेवढा बाजार भरत होता, तेवढा भरण्यास २०१९ मध्ये सुमारे १,७८५ रुपये हवे होते. हाती आले १,५००. ज्या दिवशी पगारवाढ झाली, त्या दिवशीही तो शिक्षक नऊ वर्षांपूर्वीपेक्षा गरीबच होता. महिन्याची मर्यादा दुप्पट होऊन ५०,००० झाली हे खरे. पण ती गाठावयाची तर महिन्याला तेहेतीस तास हवेत, आणि कित्येक महाविद्यालयांत संगीताच्या पाहुण्याला इतके तास कुठून मिळणार? पुढेही किमती थांबल्या नाहीत. जानेवारी २०१९ पासून २०२५ च्या दसऱ्यापर्यंत निर्देशांक आणखी सुमारे ३८ टक्क्यांनी चढला; त्या दीड हजाराची बरोबरी करावयास दोन हजारांच्या वर रुपये लागू लागले.

एकाच खोलीत, एकाच तंबोऱ्यावर यमन शिकविणारे दोन शिक्षक डोळ्यांपुढे आणा. एक कायमचा, दुसरा तासांवरचा. राग तोच, तास तेवढाच, मुलेही तीच. महिनाअखेर दोघांच्या हाती काय येते, ह्यात आधीच मोठे अंतर आहे. पण त्याहून वाईट म्हणजे ते अंतर दर सहा महिन्यांनी आपोआप वाढत जाते.

ह्या गोष्टीचा मनावर जो परिणाम होतो, त्याविषयी फार कमी बोलले जाते. पगार कापला तर माणूस भांडतो, कारण कापणारा समोर दिसतो. इथे कोणीच काही कापीत नाही. रक्कम तीच, सही तीच, पाकीटही तेच. कमी होते ती फक्त पिशवी. मग राग काढावा कोणावर? पुष्कळ वेळा तो स्वतःवरच निघतो. आपलीच विद्या कमी पडली, आपण वेळीच दुसरा मार्ग धरावयास हवा होता, असे मनात येते. तासांवरचा शिक्षक कायमच्या सहकाऱ्याशी तुटकपणे बोलू लागतो आणि साथीचा तबलजी गवयाच्या पाकिटाकडे पाहू लागतो. वास्तविक ह्यांपैकी कोणाचीही कला कमी झालेली नसते. घटलेला असतो तो रुपया. साध्या वजाबाकीचा दोष माणूस आपल्या गळ्याला देतो, ह्यासारखी खेदाची गोष्ट नाही.

पण सगळा दोष संस्थांच्या माथी मारून आम्हां शिकविणाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. खाजगी शिकवणीत काय चालते? मूल प्रारंभिक परीक्षेला बसते तेव्हा जी फी ठरते, तीच पुष्कळ घरी मध्यमा पूर्णपर्यंत चालते. मधल्या वर्षांत तबल्याच्या पुड्या महागतात, पेटीची दुरुस्ती महागते, शिक्षकाच्या घराचे भाडे वाढते. पण विद्येचा व्यापार करू नये ह्या संकोचाने त्याचे तोंड उघडत नाही. पालकही सज्जन असतात; कोणी विचारले तर ते नाही म्हणणार नाहीत. न विचारल्यामुळे न मिळालेले हे पैसे आहेत. विद्या विकू नये हे संस्कार उत्तम आहेत, परंतु त्या संस्कारांमागे कोठीतला शिधा उभा होता. शिधा गेला आणि संकोच तेवढा उरला. शिवाय, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे आपल्याच वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले आहे.

ठरीव रकमेचा फटका केवळ गरिबालाच बसतो असेही नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा महाराजांना वर्षाला साडेसव्वीस लाखांचा तनखा ठरला. १९७१ मध्ये तनखे रद्द झाले तोवर देशातील भाव दुपटीहून वर गेले होते. म्हणजे कायद्याने तनखा गेला त्याच्या आधीच, कोणाला न कळत, त्यातला अर्ध्याहून अधिक भाग बाजाराने नेला होता. राजाच्या तनख्याची ही गत, तर तबल्याच्या ठेक्यावर जगणाऱ्याने आपल्या मानधनाकडून काय अपेक्षा करावी?

शेजारच्या महाराष्ट्राने २०२४ मध्ये वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये केले. हे पाऊल स्वागतार्हच. पण तेही ठरीव रकमेचेच आहे. निर्देशांकाशी गाठ न बांधता सोडलेली कोणतीही रक्कम ही बर्फाच्या लादीसारखी असते. ज्या दिवशी देतात त्या दिवशी ती मोठी दिसते.

उपाय अवघड नाही, आणि त्याला नव्या कायद्याचीही गरज नाही. ज्या ज्या संस्था मानधन देतात त्यांनी, मग ते महाविद्यालय असो, शाळा असो, संगीत मंडळ असो वा गणेशोत्सवाची समिती, रक्कम कोणत्या वर्षी ठरली ते वर्ष तिच्यापुढे लिहावे. दर वर्षी एकदा निर्देशांक पाहून तेवढी वाढ आपोआप द्यावी. त्यासाठी अर्ज, शिष्टमंडळ आणि विनवण्या नकोत. आणि हाच नियम मुख्य गायकाइतकाच तबलजी, पेटीवाला आणि सारंगिया यांनाही लावावा. कारण खर्च वाचवावयाचा झाला की पहिली कात्री साथीवर चालते. शिकवणी घेणाऱ्यांनीही जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना फी पाहावी आणि मोकळेपणाने सांगावी. ह्यात कोणाचा अपमान होत नाही, गुरूचा नाही आणि शिष्याचाही नाही.

कारण प्रश्न शेवटी चार रुपयांचा नाही. विशारद झालेली, चांगल्या गळ्याची मुलगी जेव्हा विचारते की 'ह्यावर घर चालेल का?', तेव्हा तिला उत्तर देण्याआधी गुरूला खाली पाहावे लागते. मग ती बँकेची परीक्षा देते आणि रविवारी तेवढी गाते. बँकेचे काम वाईट नाही. परंतु पुढच्या पिढीला शिकवणार कोण, ह्याचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही समितीने आधी शिकविणाऱ्याच्या किराण्याचा हिशेब मांडावा. येत्या वार्षिक सभेत आपल्या शहरातील एका जरी संस्थेने हा ठराव आणला, तरी त्याचे अनुकरण होण्यास वेळ लागणार नाही.